सलीममामूचा चाकू

सलीममामूच्या खिशात पेन न्हाई, चाकू असतो. त्यानं ते कुणाला कांदा बी कापू देत न्हाईत. नव्या व्हीलचेअरवरचं प्लास्टिक फाडायचं, एवढंच त्याचं काम.

हिंगोलीची एक संस्था खेड्यापाड्यातल्या अधू माणसांना कुबड्या, तीनचाकी सायकली, व्हीलचेअर देते. वाटायचं काम मामूंकडं. माल माझ्या टेम्पोत आणि मामू माझ्या डोक्यावर. दुसरा कुणी असता तर फोटो काढून, चहा पिऊन निघाला असता. मामू घरात शिरले की आधी चाकू काढतात. आपल्याकडं टीव्हीचा रिमोट बी पिशवीतच म्हातारा होतो. बाया हात धरतात, राहू द्या, नवी हाय. मामूचं ठरलेलं, "काहून? लोणचं घालायचं हाय का?" मग घरातल्या कर्त्या पुरुषाला खुर्चीत बसवून मोरीपर्यंत जायला लावतात. तो उंबऱ्यात अडकला की मामू खूश, म्हणतात आता पहार आणा आणि उंबरा काढा. या स्वभावापायी आमाला दुसऱ्या खेपेला चहा कुणी विचारत न्हाई.

हट्टा गावात मात्र मामूंचं डोकंच फिरलं. तिथली मथुराबाई पायानं अधू. मागं कुण्या पुढाऱ्याच्या कार्यक्रमात तिला खुर्ची मिळाली होती. हार, टाळ्या, फोटो, सगळं बराबर झालं. आमी गेलो तर बाई हातात चपला घालून तापल्या अंगणातून खुरडत येऊन राहिली, आणि खुर्ची माळ्यावर, प्लास्टिकमधी, वर कुंकवाचं स्वस्तिक. सासू म्हणाली, नातीच्या लग्नात काढू म्हणून जपली. लग्न त्याच आठवड्यात होतं.

खाली काढली तर उंदरांनी बैठक खाल्लेली, टायर तडकलेले. मामू एवढे ओरडले की गल्ली गोळा झाली. मला त्या म्हातारीचा राग आला, पण टाळ्या वाजवून गेले आणि पुन्हा फिरकले न्हाईत त्यांचा जास्त आला. मेल्यांना अजून शिव्या देतो मी.

मथुराबाई एवढंच बोलली, "पोरीच्या मांडवात मी अशी खुरडत जाऊ का?"

टेम्पोतला माल वाटून संपला होता. मी संस्थेला फोन लावला. माल पुढच्या महिन्यात, म्हणे. मामू टेम्पोत बसले आणि बाळापूरला घराकडं घे म्हणाले.

घरात आतल्या खोलीत कपाटामागं चादर घातलेलं काहीतरी होतं. मामूंनी चादर ओढली. कोरी व्हीलचेअर, प्लास्टिकसकट. मामी शेवटी शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या हे मला ठाऊक होतं. खुर्चीचं ठाऊक न्हवतं. लोणच्याचं वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

"ईदला काढू म्हणलो होतो," मामू म्हणाले. "नव्या कपड्यात बसवू. ईद आली, ती न्हवती."

त्यांनी चाकू काढला, प्लास्टिकला लावला. हात पुढं सरकेना. मग चाकू माझ्या हातात दिला.

"तू फाड. मी भाईर थांबतो."

भाईर आवाज जाऊ नये म्हणून मी ते प्लास्टिक हळूहळू फाडलं.