टनबुड्याची घाटी

गळ्यात बैलाची घाटी, म्हणजे घंटा, बांधून फिरणारा माणूस मी लग्न होऊन सालेकशाजवळच्या सासरी आले तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पाहिला कसला, आधी ऐकला. अंगण सारवत होते, मागून टन टन आलं. बैल सुटला समजून "हैऽ" करत वळले, तर धोतरातला उंच म्हातारा! "टन काय, सुनबाई?" म्हणाला. मी शेणाची पाटी तिथंच टाकून घरात पळाले.

"पागल नाही वं तो," सासूबाई म्हणाल्या. "शेजारी आहे आपला. टनबुडा. एकटाच राह्यते, डोक्स खाते."

बुड्याचं सगळं जग टनमध्ये मावायचं. भात मोकळा शिजला की टन. धान चांगलं पिकलं की टनाटन. मोहाची जास्त झालेला टन्न. कोठी रिकामी असली की टनटनगोपाळ. एकदा गावाचा धनी मालगुजार घोड्यावरून आला आणि विहीर बांधून देतो म्हणाला, तेव्हा बुडा भर चावडीत बोलला, "टुन!" टुन म्हणजे थाप. इंग्रजांच्या राज्यात मालगुजारासमोर असं बोलायचं म्हणजे काय! लोक माना खाली घालून हसले आणि घाबरलेही.

मला मात्र त्याचं हसू यायचं नाही. ती घाटी कुंपणाशी वाजली की दचकून हातातलं काम सुटायचं. रोज सकाळी "टन काय?" आणि रोज मी पदर ओढून गप्प.

चैत्रात मोह टपकायला लागला आणि सगळं गावच भ्यायलं. मोह बायांनी वेचायचा, तोही उजाडता उजाडता, नाहीतर ढोरं खातात. पण त्या वर्षी अस्वलही मोहाखाली येत होतं. पलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे वाडीतल्या, एका माणसाचं तोंड त्यानं फाडलं होतं. न जावं तर पावसाळ्यात खायचं काय?

बुडा म्हणाला, "मी पुढं उभा राहतो, नाल्यापाशी. घाटी वाजून राहिली तवर वेचा. थांबली का पळा. मांगं पाहू नोका."

"तुमी कायले जाता जी, पाय तं लटलट कापून राहिले तुमचे," सासूबाई फटकन बोलल्या.

"कापतेत म्हनून तं घाटी आपोआप वाजते," बुडा म्हणाला. बाया खो खो हसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेचायला बसलो. धुकं होतं. हात मोहावर, कान नाल्याकडे. टन... टन... ज्या आवाजाला मी इतकी भ्यायले, त्यालाच आता जीव बांधून बसले होते.

आणि घाटी थांबली.

टोपल्या टाकून सगळ्या उठल्या. मी तेवढी बसूनच राहिले. सासूबाईंनी मला दंडाला धरून उभं केलं. वाटलं, आता पळायचं. पण बाई नाल्याकडे वळली! "बुड्याले तिथं सोडून पळाचं? आपल्याच्यानं नाही होत बापा!" म्हणत तिनं काठीनं टोपली बडवायला सुरुवात केली. मग सगळ्याच बडवत, ओरडत निघालो. भीतीनं माझा आवाज इतका चिरका लागला की मलाच ओळखू येईना.

नाल्यापाशी बुडा सागाला पाठ लावून उभा होता, घाटीतला लोलक मुठीत आवळून. वीसेक पावलांवर ते काळं धूड. आमचा गलका ऐकून ते थबकलं, फुरफुरलं आणि झुडपात शिरलं.

बुड्याची मूठ काही सुटेना. मीच जाऊन एकेक बोट उघडलं. तळहात थंडगार होता. पदर कधी डोक्यावरून पडला कळलंच नाही.

"पळा म्हनलो होतो ना? काऊन आल्या?" तो ओरडला. आणि मग एकदम हळू, "समजलं तुमाले? घाटी थांबली, ते समजलं?"

"समजलं ना जी," सासूबाई म्हणाल्या.

"माही बायको गंगी अशीच गेली होती मोह वेचाले. मी शेताच्या धुऱ्यावर इडी ओढत बसलो होतो. अस्वलानं तिले कधी धरलं, कोनालेच समजलं नाही. मलेबी नाही. दिवस बुडता पाह्यलं." त्यानं गळ्यातली घाटी चाचपली. "तवापासून भेव वाटते. मी बी असाच गेलो तं? घरात तं समजाले कोनीच नाही."

सासूबाईंनी नाक शिंकरलं आणि डाफरल्या, "चला आता घरी."

वाटभर तो प्रत्येकीला विचारत होता, "तुलेबी समजलं? लगेच समजलं?"

"हो आजाजी," मी म्हटलं. "लगेच."