हरवलेले चाळीस किलो

पुतूबाबच्या सोप्यावर बसायचं तर आधी खिसे रिकामे करावे लागतात. मोबाइल, किल्ल्या, पाकीट, तंबाखूची डबी, सगळं कठड्यावर काढून ठेवायचं आणि मगच बाकावर टेकायचं. कशाला, असं विचारण्यात अर्थ नाही. त्यांच्या मुलीसाठी स्थळ घेऊन आलेले पेडण्याचे दोन प्रतिष्ठित गृहस्थ खिशांची अस्तरं बाहेर काढून बसलेले मी पाहिले आहेत. ते पुन्हा आले नाहीत. मुलीनं पुढे पुण्यात आपलं आपण जमवलं आणि त्याबद्दल बापाचे आभारही मानले.

सवय काट्यावरची. डिचोलीजवळच्या एका खाणीच्या वजनकाट्यावर पुतूबाब सव्वीस वर्षं होते. खनिजाचा ट्रक काट्यावर चढला की त्यांच्या खिडकीतून आरोळी यायची, "ड्रायव्हर खाली!" क्लीनर खाली, पाण्याचा कॅन खाली. देवाच्या तसबिरीला तेवढी सूट होती. बाकीच्या काट्यांवर ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसून निवांत विडी ओढायचे. इथे नाही. "काटो मालाचो आसा. तुजो भार तुज्या पायांवर घे," असं ते सांगत.

ही आरोळी खाणी बंद पडल्यावरही बंद झाली नाही. वाड्यावर बांधावरून भांडण झालं तरी पुतूबाब म्हणणार, "आधी ड्रायव्हर खाली उतरव, मगे बोल." म्हणजे तुझा राग, तुझा मान बाजूला काढ आणि नुसता मामला काट्यावर ठेव. लोक हसतात. त्या सोप्यावर आता माझ्याशिवाय कोणी बसत नाही, हेही त्यामुळेच.

बायको गेली, मुलगी लांब, आणि हा माणूस सत्तरीत पदार्थविज्ञान वाचतो. मुलगी मासिकं पाठवते, तिनंच मोबाइलवर व्हिडिओ लावायला शिकवलं. सकाळी पाव घेऊन आलेल्या पदेराला ते सायकलसकट अडवतात.

"हो पाव तेरेखोलच्या किल्ल्यार नेलंस तर हलको भरतलो. म्हायत आसा?"

"कित्याक? उंदरान खालो?"

"उंच गेला की जमिनीची ओढ कमी जाता रे!"

"मगे चढताना बरा पडात, बाब. आता किती पाव देऊ ते सांगा."

मी रोज संध्याकाळी जातो. पेडण्याच्या एका कचेरीत दिवसभर कागद पुढे सरकवून मोटरसायकलवरून येतो तेव्हा पाठ आणि डोकं दोन्ही शिणलेली असतात. तरी घरी चहा घेऊन, खिसे रिकामे करून बसतो. बायको याला शेजारधर्म म्हणते. शेजारधर्म नव्हे तो. बावन्नाव्या वर्षी तरी खरं लिहावं.

मी त्याच काट्यावर त्यांचा मदतनीस होतो. काट्याच्या पत्र्याखाली खड्डा असतो. पावसाळ्यात त्यात तांबडा गाळ भरतो, आणि तो पत्र्याला खालून टेकला की वजनातला भार गाळच उचलतो, काटा कमी दाखवतो. म्हणून पावसानंतर हंगाम सुरू होण्याआधी खड्डा उपसायचा, ते माझं काम. त्या वर्षी मी झाकण उघडलं तर आत गाळावर घोणस वेटोळं घालून बसलेली. मी झाकण लावलं. वर आलो आणि नोंदवहीत लिहिलं, ‘खड्डा साफ केला.’ खाली सही.

दोन दिवसांनी तपासणी आली. वजन ठाऊक असलेला ट्रक त्यांनी चढवला. काटा चाळीस किलो कमी दाखवत होता. पुतूबाबांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी ट्रक उतरवून पुन्हा चढवला, तीनदा. तिन्ही वेळा चाळीस कमी. दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. मी पहाटे एकटाच गेलो. घोणस निघून गेली होती. तासाभरात खड्डा लख्ख केला. दुरुस्तीवाल्यानं काटा तपासला, तर ठणठणीत.

मी स्वतःला वाचवायला गेलो होतो. पण काट्यात खोट नाही म्हटल्यावर ती माणसात आहे असं ठरलं. पुतूबाबांना काट्यावरून उठवून गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. खाण बंद होईपर्यंत ते तिथेच होते. त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. ड्रायव्हर खाली उतरायचे बंद झाले, मीही ओरडलो नाही.

त्यांना संशय घ्यायचा नव्हता. कारण हवं होतं. एक दिवस चाळीस किलो जातात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात, हे कसं? त्यांचं सगळं वाचन तिथून सुरू झालं. एका वहीत ते एकेक कारण लिहितात, तपासतात आणि आडवी रेघ मारतात.

पॅरिसजवळ काचेच्या घुमटांखाली ठेवलेला, जगाचा मूळ किलो असलेला धातूचा ठोकळा निवृत्त झाला आणि किलोची व्याख्या निसर्गातल्या एका स्थिरांकावर बांधली, हे वाचलं तेव्हा त्यांनी मासिक मिटून मांडीवर ठेवलं. "तेची आणि तेच्या नकलांची वजनां जुळेनात," ते म्हणाले. "केसाभर नाय, तेच्यापेक्षाय कमी. म्हणून घरी बसवलो. बिचारो." मग वहीत लिहिलं, ‘किलोच चुकीचा?’ हिशोब केला, चाळीस किलोंच्या जवळपासही जाईना. रेघ.

मग थंड केलेले अणू खाली सोडून, ते कसे पडतात त्यावरून जमिनीखालचं भुयार शोधणारं यंत्र वाचनात आलं. पोकळी असली की ओढ किंचित कमी. पुतूबाब बाकावरून उठलेच. "डोंगर खाल्लो आमी! ओढ कमी झाली!" चहा संपायच्या आत खाली बसले. "पण दुसऱ्या दिवशी डोंगर परत भरलो काय?" रेघ.

उरल्या गुरुत्वीय लहरी. आकाशात कुठेतरी दोन कृष्णविवरं आपटतात, अवकाशालाच लाट येते, आणि चार चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांत प्रकाश खेळवून ती मोजतात. लांबीतला फरक अणूच्या गाभ्याहून कितीतरी लहान. "काय काटो असात रे तो!" ते म्हणत, आणि त्यांचे डोळे भरून येत. त्यांचं मत पडलं, तसली एक मोठी लाट त्या दिवशी डिचोलीवरून गेली असावी.

गेल्या महिन्यात त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. त्या शास्त्रज्ञांना पत्र. मी इंग्रजी करून द्यायचं. मराठी मजकूर मी वाचू लागलो. तारीख, वेळ, ट्रकचं वजन, तीन वेळा चाळीस कमी. आणि शेवटी: ‘काट्याखालचा खड्डा साफ होता. माझे मदतनीस सुरेश यांनी तो स्वतः उपसला होता. साक्षीदार म्हणून त्यांची सही.’

"सही कर," पुतूबाब म्हणाले. "मोठी माणसां आसत. साक्षीशिवाय ऐकूची नाय."

पेन माझ्या हातात होतं. तीच सही दुसऱ्यांदा.

"खड्डा साफ नव्हता," मी म्हणालो. मग घोणस, नोंदवही, पहाट, सगळं एका दमात बाहेर पडलं. मी खाली फरशीकडे बघत बोललो.

त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. मग विचारलं, "घोणस केवढी होती?"

"दीड हात असेल."

"मगे उतरूक नाय ता बरा केलंस," ते म्हणाले, आणि कागद घेऊन आत गेले.

तीन दिवस त्यांचं दार उघडं होतं, पण बाक रिकामा. त्यांच्याकडून मी काय हिरावून घेतलं, ते तेव्हा कळलं. आधी खुर्ची, आता त्या दिवसाची लाटही.

चौथ्या संध्याकाळी कुंपणावरून हाक आली. "सुरेश! खंय रवलंस?"

मी गेलो. सवयीनं खिशात हात घातला.

"ऱ्हांवदी आज. तसोच बस."

त्यांनी तोच कागद पुढे केला. साक्षीदाराची ओळ खोडलेली होती. चाळीस खोडून वर लिहिलं होतं, दहा.

"चिखलान तीस खाल्ले असतले," ते म्हणाले. "जास्तीत जास्त तीस. दहा उरतत, तेंचा काय?"

चिखल चाळीस सहज खातो. सव्वीस वर्षं काट्यावर काढलेल्या माणसाला हे मी सांगायची गरज नव्हती, आणि मी सांगितलंही नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते. रिकाम्या रस्त्याकडे बघत होते.

"एका दिवसात सुटूचा नाय ह्या," ते म्हणाले. "उद्या येशीत मा?"

"येईन," मी म्हटलं.