मार्गदर्शनाशिवाय आत प्रवेश नाही

तेलाच्या कोठारातला तीन नंबरच्या टाकीचा पंप ऐन चहाच्या वेळेला पेटला, तेव्हा सुरक्षा अधिकारी शेजारच्या टाकीच्या डोक्यावर उभे राहून सुरक्षा सप्ताहाचा फलक बांधत होते. खाली उतरायचा जिना नेमका आगीच्या बाजूला. पलीकडे आणखी एक जिना होता, पण तो साहेबांनीच गेल्या वर्षी काढून टाकायला लावला होता. दोन जिने म्हणजे पडायच्या दोन जागा, असा त्यांचा अभ्यास होता.

अग्निशमन दलाचा बंब धावत आला आणि फाटकावर थांबला. पहारेकऱ्याने वाकून सायलेन्सर पाहिला.

"जाळी नाही बसवलेली. यातून ठिणगी उडते. गाडी आत सोडता येणार नाही."

"अहो, आत आग लागलीय!" दलाचे प्रमुख ओरडले.

"म्हणूनच म्हणतो. त्यात आणखी तुमची ठिणगी कशाला?"

प्रमुखांचा जीव टांगणीला लागला होता. वर अडकलेला माणूस त्यांच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. त्यांनी जवानांना फेसाचे पाइप खांद्यावर घेऊन पायीच आत पळायला सांगितलं. पहारेकऱ्याने पुन्हा हात आडवा केला. आत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सुरक्षा मार्गदर्शन मिळालंच पाहिजे, आणि ते सुरक्षा अधिकाऱ्यांनी जातीने दिलं पाहिजे, असा नियम होता.

"ते तर वर आहेत!"

"मग थांबूया. येतीलच."

साहेबांकडे नेहमीप्रमाणे भोंगा होता. त्यातून आवाज आला, "अरे, सोड त्यांना आत!"

पहारेकऱ्याने सलाम ठोकला. "माफ करा साहेब. मागेही तुम्ही असंच म्हणाला होता. मी सोडलं, तर म्हणालात, ही परीक्षा होती आणि तू नापास. आठवडाभर उन्हात उभं केलंत मला."

"भावोजी," प्रमुख रडकुंडीला येऊन ओरडले, "ताईला मी काय तोंड दाखवू? देऊन टाका ते मार्गदर्शन!"

करतो काय बिचारा! साहेबांनी भोंगा तोंडाला लावला. "कोठारात आपलं हार्दिक स्वागत आहे. आवारात धावू नये. जिन्याचा कठडा धरावा. घाबरून जाऊ..." इथे खोकल्याची उबळ आली. "जाऊ नये. धन्यवाद!"

"साहेब, स्वच्छतागृह राहिलं."

साहेबांनी एका हाताने विजारीवर पडलेल्या ठिणग्या झटकत दुसऱ्या हाताने स्वच्छतागृहाची दिशा दाखवली. मग प्रश्नोत्तरं. पहारेकऱ्याने एका दाढीवाल्या जवानाला पुढे बोलावलं.

"आग दिसल्यास सर्वांत आधी काय कराल?"

"विझवीन."

"चूक. सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवायचं. साहेब, पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागेल."

"मला कळलंय!" वरून भोंगा किंचाळला. "आग लागल्याचं मला कळलंय रे! फार चांगलं कळलंय!"

पहारेकऱ्याने क्षणभर विचार केला. अधिकाऱ्यांना कळलं म्हणजे उत्तर बरोबर झालं. त्याने फाटक उघडलं.

आग विझली. मेहुण्यांनी भावोजींना खांद्यावर टाकून खाली आणलं. गुडघ्याखाली विजार उरली नव्हती, पण साहेब शाबूत होते. उतरताना कठडा न धरल्याबद्दल त्यांना समज देण्यात आली.

चौकशी समितीला फार समाधान वाटलं. इतक्या भीषण आगीतही एकसुद्धा माणूस मार्गदर्शनाशिवाय आत शिरला नव्हता. कोठाराला सुरक्षेची ढाल मिळाली आणि सत्काराला सभागृह असं भरलं की मुंगीला शिरायला जागा नाही. संकटकाळी बाहेर पडायच्या दाराला कुलूप होतं, कारण तिथून फुकटे जेवायला घुसतात. दारापुढे जास्तीच्या खुर्च्या रचल्या होत्या.

तुम्हीही होतात की तिथे. साहेब पट्ट्या बांधलेल्या पायांनी बोलायला उभे राहिले, तेव्हा शेजारी बसलेल्या मेहुण्यांनी तुमच्या कानाशी लागून विचारलं, "अहो, इथे काही झालं तर बाहेर कुठून पडायचं?"

तुम्ही म्हणालात, "श्श! सुरक्षेवर बोलतायत."