भूपालअण्णांची चिनीमातीची गाडी

भूपालअण्णा चौगुले गाडीजवळ जाण्याआधी बोटातली अंगठी काढत. मग मनगटावरचं घड्याळ. मग कमरेचा पट्टा. या तिन्ही वस्तू दाराच्या पायरीवर एका ताटलीत ठेवायच्या, एका हातानं पँट सावरायची आणि मगच गाडीकडे वळायचं.

लग्न होऊन मी चिपळूणहून कोल्हापुरात आले, राजारामपुरीत. आमचं आणि अण्णांचं फाटक शेजारीशेजारी. पहिल्याच आठवड्यात माझा नवरा सकाळी स्कूटर बाहेर काढत होता, ती अण्णांच्या गाडीच्या जरा जवळून गेली असेल. आतून गर्जना आली, "पावणं, थांबा! पट्टा काढा!"

हे जागीच थिजले. नव्या गावात अनोळखी माणूस पट्टा काढायला सांगतो, म्हणजे आता मार तरी मिळणार किंवा अब्रू तरी जाणार. अण्णा पँट धरून धावत आले आणि म्हणाले, "बक्कल लागतंय की वो रंगाला. काढा, आणि मग जावा निवांत."

हे पट्टा खांद्यावर टाकून बँकेत गेले. तिथं साहेबांनी विचारेपर्यंत तो खांद्यावरच होता.

गाडी होती मरून रंगाची, चौकोनी, सेकंडहँड घेतलेली. पण तिच्या बॉनेटमध्ये बघून मी कितीदा तरी कुंकू सारखं केलं आहे, अर्थात हात लांब ठेवून. अण्णांचं दुकान इचलकरंजीला, यंत्रमागाच्या सुट्या भागांचं. तिथं ते रोज जात, आणि एस.टी.नं जात. घरात गाडी असताना हा माणूस स्टँडवर उभा राहून, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, हे मला काही केल्या कळेना. एकदा विचारलंच.

"वीणा," अण्णा दयेनं म्हणाले, "रस्त्याला उसाच्या गाड्या. तिथं पोचलं की हवेत नुसता कापूस. असल्यात गाडी न्यायची? डोस्कं फिरलंय का माझं?"

"मग घेतली कशाला?"

"घेतली ती घेतली. आता सांभाळाय नको?"

रंगाला कातडी असते, हे अण्णांचं ठाम मत. "माणसाची कातडी खरवडली तर परत येती. हिची येत न्हाई," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. धुण्याचा दिवस रविवार. दोन बादल्या लागत, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची. फडकं एकीत बुडवायचं, गाडीवरनं न्यायचं, दुसरीत खळबळायचं. गोल फिरवायचं नाही, सरळ न्यायचं. मग मेणाचा डबा निघायचा आणि वडिलांच्या जुन्या धोतराचे मऊ तुकडे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात म्हणून गाडीला नळाचं पाणी. नळ सकाळी तासभर यायचा. त्यामुळे रविवारी घरातली माणसं बोअरच्या पाण्यानं आंघोळ करायची.

"माझ्या कातडीला डाग पडले तरी चालतंय!" असं आतून अक्का ओरडायच्या. अक्का म्हणजे अण्णांच्या बायको. अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. त्या हसल्या की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. अण्णा जगाला गाडीबद्दल उपदेश करत आणि अक्का मागून त्याची पार वाट लावत.

रंगपंचमी हा अण्णांच्या वर्षातला सगळ्यात वाईट दिवस. आदल्या दिवशीच गाडी पेठ वडगावला, अक्कांच्या भावाच्या गोठ्यात नेऊन लपवायची. एका वर्षी दुसऱ्या दिवशी आणायला गेले, तर बॉनेटवर बोकड उभा. वरच्या माळ्यावरची वैरण खायला त्याचं तोंड तिथून बरोबर पोचत होतं. अण्णा तिथंच मटकन बसले. पुढं सहा महिने मेहुण्याशी अबोला.

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" अक्का म्हणाल्या. "बोकडानं पट्टा तर घातला नव्हता!"

दुसरा शत्रू फुटबॉल. पेठेतला संघ जिंकला की पोरं गुलाल उधळत आमच्या गल्लीतून जायची. एकदा मिरवणूक अचानक वळली आणि गाडीवर कव्हर घालायला वेळच मिळाला नाही. अण्णा दोन्ही हात पसरून गाडीपुढं उभे राहिले. "माझ्यावर टाका! किती टाकायचाय तेवढा टाका!" पोरांना वाटलं, म्हातारा संघाचा जुना चाहता दिसतोय. त्यांनी अण्णांना खांद्यावर घेऊन कोपऱ्यापर्यंत नाचवलं. परत आले तेव्हा फक्त डोळे ओळखू येत होते. त्या डोळ्यांनी त्यांनी आधी बॉनेट तपासलं.

अशी वर्षं गेली. माझी मुलं शाळेत जायला लागली, अण्णांची लेक लग्न होऊन बेळगावला गेली. आणि अक्कांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी त्या दाराच्या चौकटीला धडकायला लागल्या. मग मला "कोण, वीणा का?" असं विचारायला लागल्या. मग उजेड आणि अंधार एवढंच उरलं. आवाज मात्र तसाच. तांदूळ निवडायला मला बोलवतील असं वाटलं होतं, पण त्या स्वतःच बोटांनी निवडायच्या. त्यांच्या ताटात मला कधी खडा सापडला नाही.

त्याच सुमारास अण्णांचा पुतण्या शीतल दुबईहून आला. तिथं तो गाड्यांच्याच कामात होता. त्यानं काकासाठी आणली एक काचेची बाटली, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीपेक्षाही लहान.

"हे सिरॅमिक कोटिंग, अण्णा. एकदा लावलं की मेण लावायला नको. रंगावर काचेसारखा थर बसतो."

"सिरॅमिक म्हंजे?"

"म्हणजे चिनीमातीच्या जातीचं काहीतरी."

आतून अक्का ओरडल्या, "मग गाडीची बरणीच करा की! लोणचं तरी घालू!"

शीतल सगळं समजावून परत दुबईला गेला आणि अण्णांची झोप उडाली. आधी गाडी धुवायची. मग एका खास मातीच्या वडीनं रंगात रुतलेले बारीक कण ओढून काढायचे. मग पॉलिश. मग स्पिरिटनं पुसायचं. मग थेंबथेंब औषध फडक्यावर घेऊन आधी उभं लावायचं, मग आडवं. त्यावर तेलाच्या तवंगासारखे रंग दिसले की लगेच पुसायचं. आधी पुसलं तर वाया, उशिरा पुसलं तर डाग कायमचा. धूळ उडता कामा नये आणि नंतर काही दिवस पाण्याचा थेंब पडता कामा नये.

धुळीसाठी अण्णांनी शेडच्या चारी बाजूंनी अक्कांच्या साड्या ताणून बांधल्या. हिरवी, जांभळी, काठाची इरकल. येणारे-जाणारे थांबून विचारायला लागले, "कुणाचं लगीन?"

खरी अडचण निघाली ती कणांची. शीतलनं सांगितलं होतं, हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून रंगावरून फिरवा, डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना लागेल. पण अण्णांची बोटं आयुष्यभर लोखंडाचे भाग हाताळून राठ झालेली. "गुळगुळीत लागतंय, पण मनाला पटत न्हाई," ते कुरकुरत होते.

अक्का पायरीवर बसून ऐकत होत्या. त्या उठल्या, हातातल्या बांगड्या उतरवल्या, ताटलीत टाकल्या. "आणा ती पिशवी हिकडं."

अण्णांनी त्यांचा कोपर धरून त्यांना गाडीपाशी नेलं. मी चहा घेऊन गेले होते, ती साडीच्या आडोशाला उभीच राहिले. अक्कांचा हात बॉनेटवरून हळूहळू निघाला.

"हितं खडा हाय."

अण्णांनी वडी फिरवली.

"अजून हाय."

परत फिरवली.

"हां. आता बरं. ही गाडी हाय का रेशनचा तांदूळ वो?"

सगळी सकाळ असं चाललं. जगाला पट्टा काढायला लावणारे अण्णा बायको सांगेल तिथं घासत होते, ती थांब म्हणेल तिथं थांबत होते. दुपारी औषध लागलं. संध्याकाळी साड्या सोडल्या, तेव्हा गाडी इतकी चमकत होती की मला बघताना डोळे बारीक करावे लागले. अक्कांनी विचारलं, "कशी दिसतीया?" "मरून," अण्णा म्हणाले. "लई मरून."

त्यानंतर रविवारचा शिरस्ता बदलला. मेण बंद झालं. धुऊन झालं की तपासणी अक्कांकडे. अण्णा बॉनेटवर तांब्याभर पाणी ओतायचे आणि म्हणायचे, "ऐक. थांबतंय का? पळतंय बघ नुसतं." अक्का कान देऊन ऐकायच्या आणि पास की नापास ते सांगायच्या.

मग मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की जो उजेड कळत होता तोही आता जाणार, आणि गेला. अक्का घरी आल्या त्या गप्पच. तांदळाचं ताट पुढ्यात ठेवून नुसत्या बसायच्या. रविवारी अण्णांनी दोनदा हाक मारली. त्या म्हणाल्या, "तुमीच बघा."

अक्का ओरडत नाहीत म्हटल्यावर आमची अख्खी गल्ली ओकीबोकी झाली. अण्णांचं तर काय सांगावं. त्या आठवड्यात ते एस.टी.ला गेलेच नाहीत. एका सकाळी त्यांनी आमच्या फाटकाशी येऊन मला विचारलं, "वीणा, आज मोकळी हाईस का? राधानगरीला जायचंय. मागं अक्काजवळ बस, तेवढाच तिला आधार."

राधानगरीचं धरण बघायचं हे अक्कांचं किती वर्षांचं मागणं. दरवर्षी पावसाळ्यात म्हणायच्या, दरवाजे उघडले की पाणी कसं पडतंय ते बघू. दरवर्षी अण्णा म्हणायचे, रस्त्याला चिखल हाय. आता दिवाळी होऊन गेली होती, दिसत काही नव्हतं आणि अण्णा गाडी काढत होते. कमरेचा पट्टा बांधलेलाच होता. त्यांच्या लक्षातही नव्हतं.

सायकलवाले आम्हाला मागं टाकत होते. पुढं उसाचे ट्रॅक्टर, धुरळा, शेण. अण्णा एकदाही कुरकुरले नाहीत. एका वळणावर खडीचा डंपर सुसाट गेला आणि टण्णकन आवाज झाला. मी पुढं वाकून बघितलं. बॉनेटच्या मधोमध रंग उडाला होता, खालचा पत्रा दिसत होता. मी अण्णांकडे बघितलं. आता गाडी थांबणार, आता आकांत होणार.

"काय वाजलं वो?" अक्कांनी विचारलं.

"काय न्हाई. फांदी लागली."

गाडी तशीच पुढं गेली.

धरण दिसतं तिथं आम्ही उतरलो. मी अक्कांचा हात धरला होता. गाडीला टेकून पुढं येताना त्यांचा तळवा बॉनेटवर आला, सरकला आणि थांबला. बोट तिथंच गोल फिरलं.

"अवो, हितला रंग गेलाय की!"

"व्हय."

"कवा?"

"मगाशी. दगड लागला."

"आणि तुमी गप बसला?"

अण्णा म्हणाले, "तू धरण बघाय आलीयास. रंगाचं काय मधीच."

अक्कांनी पदर सारखा केला, माझा हात सोडला आणि अण्णांचा शोधून धरला. मग म्हणाल्या, "सांगा मग. उघडलेत का दरवाजे?"

दरवाजे बंद होते. पाणी काठाला लागून निवांत पसरलं होतं. एक बगळा सोडला तर काही हलत नव्हतं.

"उघडलेत की," अण्णा म्हणाले. "एक तर पुरता उघडलाय. पांढरं फेक पाणी पडतंय. खालनं धूर उठलाय नुसता."

"आवाज कसा येत न्हाई?"

अण्णा म्हणाले, "वारं तिकडचं हाय."

अक्का धरणाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग त्यांच्या जुन्या, भरलेल्या आवाजात म्हणाल्या, "आणि त्याच्या शेजारचा?"

अण्णांनी तोही उघडला.