वाघमारे काकांनी न पकडलेली चूक

आमच्या शेजारचे वाघमारे काका पिक्चर बघायला बसले, की बाकीच्यांना गोष्ट कळत नाही, चुका तेवढ्या कळतात. "पकडली," म्हणत ते मांडीवर थाप मारतात आणि आपण आपला हातातला चहा सांभाळायचा.

त्यांचा पिक्चर एकच. सरकार एका साध्या कारकुनाच्या मागं लागतं, गल्लीबोळातल्या कॅमेऱ्यांतून त्याच्यावर पाळत ठेवतं आणि तो नुसता पळत राहतो. टीव्हीवर अधूनमधून लागतोच. लागला की काका आमच्या दारात हजर. त्यांच्या घरचा टीव्ही बंद पडलाय, तो त्यांनी दुरुस्त केलेला नाही. "मंगल, चालू झाला का गं?" मी तोंडानं "या की" म्हणते आणि मनात कपाळाला हात लावते.

"बघ, घड्याळ डाव्या हातात. आता दार उघडलं तर उजव्या. पकडली." "अर्धा चहा पिला होता का न्हाई? पुन्हा काठोकाठ. कुणी ओतला, सरकारनं?" पिक्चरमधला साहेब आभाळातल्या कॅमेऱ्यातून माणसाच्या हातातली चिठ्ठी वाचतो, पण त्याच्याच कंप्युटरची वायर टेबलाखाली लोंबकळत असते, ती त्याला दिसत नाही. सगळ्यात जास्त राग दिल्लीवर. ती दिल्ली म्हणजे आमच्या नांदेडजवळचं विष्णुपुरी, धरणाचं गाव. शूटिंग तिथंच झालेलं. "दिल्लीच्या गुप्त अड्ड्यापुढं एमएच सव्वीसचा ऑटो उभा करून राहिले. काय म्हणावं यांना?"

एवढी नजर, पण स्वतःच्या शर्टाचं एक बटण कायम चुकीच्या काजात. सुमनकाकू होत्या तोवर ती चूक त्या पकडायच्या. त्यांना जाऊन आता दुसरं वर्ष.

गेल्या रविवारी माझ्या नवऱ्यानं तो पिक्चर काकांसाठी मोबाइलवरून टीव्हीवर लावून दिला. रिमोट माझ्या हातात. लातूरहून नणंद यायची होती, स्वयंपाक तसाच पडलेला, डोकं तापलेलं. हिरो धरणाच्या भिंतीवर नुसता उभा राहून विचार करतो, तो सीन आला. "हे काय रटाळ," म्हणत मी पुढं ढकलला.

काका उठून उभेच राहिले.

"मागं घे."

"काका, काही नाही हो त्यात."

"मागं घे, माय. हात जोडतो."

काकांनी खरंच हात जोडले. मी गपगुमान सीन मागं घेतला. हिरो उभा. त्याच्या मागून एक बाई पिवळी पिशवी घेऊन चालत गेली. पदर खोचलेला, चाल तरातरा. सुमनकाकू.

"मी धरणावर ड्यूटीला होतो. ती डबा घेऊन आलती," काका टीव्हीकडं बघतच बोलले. "पिक्चरवाले म्हणले, मावशी, तुम्ही चालत राहा. चार-पाचदा चालायला लावलं. लई चिडली, भाकर गार झाली म्हणून." मग म्हणाले, "घरी फोटो हायत. पण सगळ्यात उभी हाय. चालताना एवढ्यातच."

काकूंना मी आत्ता रटाळ म्हणून पुढं ढकललं होतं.

तेवढ्यात टीव्हीवर शॉट बदलला. हिरो तसाच, पण मागची भिंत रिकामी. काकू नाहीत. पुन्हा बदलला, तर काकू परत तिथूनच, तीच पिवळी पिशवी घेऊन चालत आलेल्या. इतक्या वेळा बघूनही मला हे कधी दिसलं नव्हतं. आता मांडीवर थाप पडणार म्हणून मी वाट बघितली. पडली नाही.

"काका, ही चूक तुम्ही कधी सांगितली नाही."

"न्हाई सांगत," काका हळू म्हणाले. "मधी जाती, आन परत येती. राहू दे की."

बाहेर नणंदेचा ऑटो थांबला. नवरा दार उघडायला गेला. मी बसूनच राहिले आणि सीन पुन्हा मागं घेतला.