वेलिबोर नको म्हणाला म्हणून

"सुरक्षित सेटअप करू की साधा?" भट्टीच्या कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर चढवायला आलेल्या ओग्न्येनने विचारलं.

लेस्कोवात्स गावातल्या त्या कारखान्यात भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी, म्हणजे आयवार, बनायचा. देसांका भट्टीप्रमुख, वेलिबोर यंत्रप्रमुख. आयवारात वांगं घालायचं, असं ती म्हणे. तो म्हणे, नाही. त्यावरून तीन वर्षं अबोला होता. बोलायचंच झालं, तर मध्ये तिसरा माणूस लागे.

"त्यांना सांग, साधाच बरा," वेलिबोर भिंतीकडे बघत म्हणाला.

"यांना सांग, सुरक्षितच हवा!" देसांका कडाडली.

"मावशी, नीट ऐका. सुरक्षित घेतला तर भट्टीची आच बदलायला दोन्ही प्रमुखांनी इथे उभं राहून पासवर्ड द्यावा लागेल. फोनवर जमणार नाही."

"कर म्हटलं ना!" वेलिबोर नको म्हणाला, म्हणजे तेच हवं. देसांकाचं गणित सरळ होतं.

ऑक्टोबरातल्या तोमिनदानच्या सणाला वेलिबोरच्या घरी स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्याची रजा. नेमका त्याच सकाळी पावसात भिजलेल्या जाडजूड मिरच्यांचा ट्रक आला, हंगामातला शेवटचा. जुन्या आचेवर त्या कच्च्याच बाहेर पडू लागल्या, साल काही सुटेना. देसांकाने पासवर्ड दिला. कॉम्प्युटर दुसरा मागत बसला. वेलिबोरला बोलवायला फोन लावला, पण स्लावेच्या गोंधळात फोन कोण उचलतो? आजच्या आज आच वाढली नाही तर सगळा माल उकिरड्यावर जाणार होता, आणि सेटअप तिनेच हट्टाने घेतलेला.

"माझा माल मी सडू देणार नाही," असं म्हणून तिने एप्रनसकट वेलिबोरचं घर गाठलं. दारातूनच बोलून परतायचं, असा तिचा पक्का निश्चय होता. पण स्लावेला आलेला माणूस दारातून परतत नाही. वेलिबोरच्या बायकोने तिच्या तोंडात प्रसादाच्या गोड शिजवलेल्या गव्हाचा चमचा घातला आणि तिला टेबलाशी बसवलं.

"वेलिबोर, चल! मिरच्या कच्च्या पडतायत!" तीन वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी थेट बोलली.

"आधी सूप."

"अरे, आग लागो तुझ्या सुपाला!"

"मग भरभर पी. पाहुणा उपाशी ठेवून यजमान उंबरा ओलांडत नाही."

देसांका इरेला पेटली. सूप, कोबीच्या पानातली सारमा, भाजलेलं डुक्कर, सगळं तिने लढाई लढल्यासारखं संपवलं. मग वेलिबोर निघाला. यजमानामागे पाहुणेही वाइनचे पेले घेऊन निघाले. भट्टीपुढे त्याने पासवर्ड दिला, आच वाढली आणि साली सुटू लागल्या. देसांकाचा जीव भांड्यात पडला.

"तुझं ऐकून साधा घ्यायला हवा होता," ती कशीबशी म्हणाली.

"मला सुरक्षितच हवा होता. म्हणून तर साधा म्हणालो."

"काय? का?"

"दोन पासवर्ड लागले तर कधीतरी बोलशील, म्हणून. दर स्लावेला तुझी ताटली मांडतो. स्लावेचं बोलावणं करायची तर आपल्यात रीत नाही, ज्याने त्याने आपणहून यायचं."

देसांकाने एप्रनने डोळे पुसले आणि दोष धुराला दिला.

"बरं," ती म्हणाली, "आणि आयवारात वांगं?"

"छे! मुळीच नको," वेलिबोर म्हणाला.

देसांका पहिल्यांदाच विचारात पडली.