उसन्या पिसांचं गरुडदल

एका जंगलात गरुडांचं एक दल होतं. बालमित्रांनो, गरुड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, ते जरा बाजूला ठेवा. हे गरुड फार जुने होते. त्यांनी पहिली भरारी घेतली तेव्हा रुजलेल्या वडांच्या पारंब्या आता जमिनीला टेकल्या होत्या.

दलातला सगळ्यात तरुण गरुड म्हणजे भैरू. त्याच्या बरोबरीच्या कासवाला नातवंडं झाली होती. तरी दलात त्याला सगळे 'पोरगं' म्हणत, कारण त्याच्यानंतर कुणी भरतीच झालं नव्हतं.

का झालं नव्हतं, असं विचारू नका. प्रयत्न जोरात चालू होते. दूरच्या पहाडांतून उत्तम गरुडांची अंडी मागवली जात. ती पारखायला घुबडांची समिती होती. समिती एकेक अंडं उचली, उजेडाकडे धरी, चर्चा करी, खाली ठेवी आणि शंका आली की पुन्हा उचली. या पारखणीत अंडं थंड पडे. थंड अंडं नियमाप्रमाणे नापास होई. मग नवी अंडी मागवली जात.

दलाचं काम तसं सोपं होतं. नदीपलीकडची माकडं विणीच्या हंगामात दरीत उतरत आणि घरटी ओरबाडत. गरुडांनी फक्त दरीवर घिरट्या घालायच्या. जमिनीवर मोठी सावली फिरताना दिसली, की माकडं आल्या पावली परत जात.

त्याच दरीतल्या बाभळीवर सुगरणकाकूंचं घरटं होतं. काकू दलाच्या दुरुस्तीवर होत्या. कुणाचं पीस मोडलं की ते काढायचं आणि डिंक लावून दुसरं बसवायचं. चोच बारीक, काम चोख. पण दुसरं पीस आणायचं कुठून? काकू सेनापतींकडे दर हंगामात पिसं मागत. सेनापती म्हणजे मोर. ते आपला पिसारा सावरत सांगत, आहे त्यात भागवा.

म्हणून दलात एक रीत पडली. एकाचं काढायचं, दुसऱ्याला लावायचं. आणि काढायचं कुणाचं? ज्याचं चांगलं असेल त्याचं. भैरूची पिसं सगळ्यांत चांगली होती. त्यामुळे भैरू जवळजवळ उघडाच असे. नवं पीस जरा फुटलं, की त्याला बोलावणं येई.

"काकू, या वर्षी तरी मला उडू दे," तो म्हणे. "तुझ्या घरट्यावर मी स्वतः घिरट्या घालीन. शब्द देतो."

"माझी अंडी तुझ्याच भरवशावर आहेत रे," काकू म्हणत, आणि हुकमाप्रमाणे त्याचं पीस उपटत.

हंगामाच्या तोंडावर सिंहमहाराज पाहणीला येत. पाहणीची पद्धत फार सुंदर होती. महाराज एका झाडाखाली उभे राहत. वर एक गरुड पंख पसरून बसलेला असे. मोर म्हणे, "सज्ज." महाराज मान डोलावत आणि रमतगमत पुढच्या झाडाकडे निघत. तेवढ्या वेळात मागच्या गरुडाची शेपटी निघून झुडपांआडून पुढच्या गरुडाला लागलेली असे. अशा रीतीने या वर्षी भैरूच्या एकाच शेपटीची पाहणी महाराजांनी झाडाझाडावर केली. शेवटच्या झाडाखाली ते म्हणाले की, आमच्या गरुडांची एकजूट एवढी, की शेपट्यासुद्धा एकसारख्या आहेत.

भैरूला राहवेना. त्याने मोराला विचारलं, की आता पाहणी झाली, आता तरी माझी पिसं परत देणार का.

मोर समजूतदारपणे हसला. "बाळ, दल सज्ज आहे. महाराजांनी तसं म्हटलंय. आता तू उडालास आणि एखादं पीस झडलं, तर सज्जता कमी होईल. उडण्यासारखा धोका दुसरा नाही."

भैरू सरळ महाराजांपुढे जाऊन उभा राहिला. "महाराज, मला उडता येत नाही," तो म्हणाला. "आमच्यापैकी कुणालाच येत नाही."

महाराज गोंधळले. मोर त्यांच्या कानाशी लागला. महाराजांचा चेहरा उजळला. एवढा विनय आपण पाहिला नाही, असं म्हणून त्यांनी भैरूला 'गगनभूषण' ही पदवी दिली आणि ते पाणवठ्यावर निघून गेले.

हंगाम आला. काकूंच्या घरट्यात तीन अंडी आली. आणि एका सकाळी माकडंही आली.

दरीतून कालवा उठला. मोराने हुकूम दिला, उड्डाण करा. मग खरी अडचण समोर आली. पिसांनी भरलेला डावा पंख एका गरुडाकडे होता, उजवा दुसऱ्याकडे आणि शेपूट तिसऱ्याकडे. ज्याचा डावा होता तो म्हणाला की मी वयाने मोठा, उजवा माझ्याकडे द्या. उजव्यावाला म्हणाला की माझा डिंक अजून ओला आहे, तो उपटता येणार नाही. शेपटीवाला म्हणाला की वरून लेखी आल्याशिवाय शेपूट देणार नाही. घुबडांना उठवावं का, यावरही बोलणं झालं.

भैरूने फांदीवरून उडी टाकली, धप्पकन पडला, उठला आणि पळत सुटला.

गरुडाला पळता येत नाही, मुलांनो. तो करवंदीच्या जाळीत अडकला, उतारावर घरंगळला, चिखलात लोळला. दरीत पोचला तेव्हा अंगावर पीस नव्हतं, पण काटे, पाला आणि माती भरपूर होती. तशातच तो जीव खाऊन किंचाळला. माकडांनी असला प्राणी जन्मात पाहिला नव्हता. ती नदीत पडत-उठत पलीकडे पळाली.

बाभळीखाली एक अंडं फुटून पडलं होतं. काकू त्याच्याजवळ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उडत आला असतास, तर तिन्ही राहिली असती."

भैरूची पिसं कुणी उपटली होती, हे दोघांनाही माहीत होतं.

इकडे मोराने महाराजांना कळवलं, की गरुडदलाने जमिनीवरून लढण्याची नवी पद्धत यशस्वी करून दाखवली. महाराज खूश झाले. गरुडांनी यापुढे रोज पळण्याचा सराव करावा, असा हुकूम सुटला. घुबडांना सांगण्यात आलं, की आता शहामृगाची अंडी पारखा. घुबडांनी पहिलं अंडं उजेडाकडे धरलं.

पावसाळा सरला आणि भैरूच्या पंखावर नवं पीस फुटलं. मोराने नेहमीप्रमाणे काकूंना बोलावून ते काढायला सांगितलं.

काकूंनी पीस निरखून पाहिलं. मग त्या मागे सरकल्या. "याला कीड लागलीय," त्या म्हणाल्या. "याचं पीस दुसऱ्या कुणाला लावलं तर ती दलभर पसरेल. सेनापतींच्या पिसाऱ्यापर्यंतसुद्धा येईल."

मोराने घाईघाईने पिसारा मिटला. भैरूवर 'नादुरुस्त' असा शिक्का बसला. त्याला दलापासून लांब, दरीच्या काठावर ठेवण्यात आलं. त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं.

कुणी हात लावला नाही. दुसरं पीस फुटलं, तिसरं फुटलं. पुढच्या पाहणीत महाराजांनी सगळं दल सज्ज असल्याचं पाहिलं. एक तेवढा नादुरुस्त होता, तो त्यांना दाखवला नाही.

पुन्हा हंगाम आला. काकू अंड्यांवर बसल्या होत्या. पलीकडच्या काठावर माकडं जमली. पहिलं माकड पाण्यात पाय घालणार, एवढ्यात त्याच्या अंगावरून एक मोठी सावली सरकली. ती वळली आणि पुन्हा आली. माकडांनी वर पाहिलं आणि ती मुकाट्याने परत फिरली.

काकूंनी वर पाहिलं नाही. त्यांना सावलीच पुरेशी होती.

भैरू खाली उतरला तेव्हा मोराचं बोलावणं आलेलंच होतं. नादुरुस्त असताना परवानगीशिवाय उडाल्याबद्दल त्याची 'गगनभूषण' पदवी काढून घेण्यात आली.

तात्पर्य : आपलं दल नेहमी पूर्ण सज्ज ठेवावं. मात्र शत्रू येण्याची शक्यता असेल, तर त्यातले थोडे नादुरुस्त ठेवावेत.